पहिल्या मिनेसोटा पलटणीत भरती होताना

अमेरिकेच्या यादवी युद्धाला एप्रिल १८६१ मध्ये तोंड फुटले, तेव्हा मिनेसोटाला राज्याचा दर्जा मिळून तीन वर्षेही पुरी झालेली नव्हती. राज्याचे गव्हर्नर अलेक्झांडर रॅम्सी त्या वेळी योगायोगाने वॉशिंग्टनमध्येच होते. दक्षिणेतील फुटीर राज्यांनी फोर्ट सम्टर किल्ल्यावर हल्ला केल्याची बातमी कळताच ते थेट युद्धमंत्र्यांकडे गेले आणि त्यांनी एक हजार माणसे देऊ केली. त्यामुळे लिंकनच्या सरकारला देऊ केलेली पहिली स्वयंसेवक पलटण हा मान या कोवळ्या राज्याच्या वाट्याला आला. २९ एप्रिल रोजी मिसिसिपी आणि मिनेसोटा या नद्यांच्या संगमावरील फोर्ट स्नेलिंग येथे या पलटणीने सेवेची शपथ घेतली. हा किल्ला आज मिनिआपोलिसच्या विमानतळाला लागूनच आहे. भारतातून आलेल्या पाहुण्यांना आणायला-सोडायला जाताना त्याच्यावरून अनेक वर्षे गाडी हाकूनही मी कधी आत पाऊल टाकलेले नव्हते.

त्या पलटणीचे नाव, गणवेश आणि कवायत जिवंत ठेवणारा एक गट आमच्या भागात आहे. त्यात मी सामील कसा झालो, हे मला मराठी मित्रमंडळी अजूनही काहीशा संशयाने विचारतात. नागरिकत्वाच्या मुलाखतीसाठी मी इथल्या इतिहासाचे आणि राज्यव्यवस्थेचे तेव्हाचे ठरलेले शंभर प्रश्न पाठ केले होते. त्यांत यादवी युद्धाची बोळवण दोन-तीन उत्तरांत होते. पाठांतराने परीक्षा पार पडली, परंतु ज्या देशाचा मी रहिवासी झालो त्याने स्वतःशीच केलेल्या या युद्धात सहा लाखांहून अधिक सैनिक कशासाठी मेले, हे मला दोन वाक्यांपलीकडे सांगता येत नव्हते, आणि ती गोष्ट मला टोचत राहिली.

शिवाय हे युद्ध आपल्यापासून वाटते तितके दूर नाही. मी मूळचा वऱ्हाडातला. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखल्यावर लँकशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला आणि त्यांची नजर वऱ्हाड, खानदेश व गुजरातच्या कापसाकडे वळली. मुंबईत पैशाचा पूर आला, प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे व्यापारी सट्ट्याच्या बाजाराचे राजे झाले, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच तो सारा डोलारा कोसळला. दुसरा धागा जोतीराव फुल्यांचा. १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘गुलामगिरी’ त्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केली आहे. ती अर्पणपत्रिका मी शाळेत असताना वाचली होती. ज्यांना ती उद्देशून आहे त्यांच्यात हातात बंदूक घेऊन गेलेली शेतकऱ्यांची, लाकूडतोड्यांची आणि कारकुनांची पोरेही येतात, हे मात्र मला फार उशिरा उमगले.

गटात प्रवेश घेणे कागदोपत्री सोपे आहे. आधी एखाद्या छावणीत पाहुणा म्हणून यायचे, मग अपघाताची जबाबदारी स्वतःवर घेणाऱ्या अर्जावर सही करायची, वर्गणी भरायची आणि पहिला हंगाम गटाच्या उसन्या साहित्यावर काढायचा. माझी अडचण निराळी होती. या मंडळींचा अचूकतेवर फार कटाक्ष. कोटाची शिवण यंत्रावरची दिसली किंवा मनगटावर घड्याळ राहिले तर सुभेदारी थाटात कानउघाडणी होते. अशा ठिकाणी माझ्यासारख्या सावळ्या माणसाने निळा कोट घालून उभे राहणे कितपत अचूक, हा प्रश्न कुणी काढण्याआधी मीच काढला. आमच्या सार्जंटने, म्हणजे हायस्कुलातून निवृत्त झालेल्या इतिहासाच्या शिक्षकाने, त्यावर मला जोसेफ पियर्सविषयी सांगितले. चीनमध्ये जन्मलेला हा माणूस चौदाव्या कनेक्टिकट पलटणीत होता आणि गेटिसबर्गच्या लढाईत लढला होता. पहिल्या मिनेसोटात तसे कुणी नव्हते हेही त्याने लपवले नाही. “कुणी विचारले तर दोन्ही गोष्टी सांगायच्या,” एवढेच तो म्हणाला. आमच्या रांगेत बायकाही उभ्या राहतात, कारण पुरुषवेष करून लढलेल्या स्त्रियांची त्या युद्धात पुरेशी नोंद आहे. खरे पाहता अचूकतेला सर्वांत मोठा धक्का बसतो तो वयाने आणि वजनाने. मूळ पलटणीतील बहुतेक सैनिक विशीतले होते आणि कवायतीने व आमांशाने सडसडीत झालेले होते, तर आमच्यातील बहुतेक जण पन्नाशी ओलांडलेले आणि सुखवस्तू आहेत.

साहित्याचा खर्च मात्र हलका नाही. चार गुंड्यांचा गर्द निळा लोकरी कोट, आकाशी रंगाची जाड लोकरी विजार, बसकी टोपी, डाव्या-उजव्या पायासाठी वेगळे पण सारखेच बोचणारे जाड तळव्याचे बूट, चाळीस काडतुसे मावणारी चामडी पेटी, दारू पेटवणाऱ्या तांब्याच्या टोप्यांची छोटी डबी, शिधापिशवी, पत्र्याचा पाण्याचा चंबू, संगीन आणि बंदूक हे सगळे नवे घ्यायचे म्हटले, तर दीड-दोन हजार डॉलर सहज जातात. त्यात बंदूकच सर्वांत महाग. १८६१ च्या नमुन्याच्या स्प्रिंगफील्ड बंदुकीच्या इटलीत बनणाऱ्या प्रतिकृती बाजारात मिळतात. नळी चाळीस इंचांची, वजन सुमारे चार किलो, आणि उभी धरली तर माझ्या हनुवटीच्या जवळपास पोहोचणारी. परदेशस्थ वाचकांसाठी सांगतो, की १८९८ पर्यंतच्या बंदुका, तसेच तयार काडतूस न घेणाऱ्या ठासणीच्या बंदुका व त्यांच्या प्रतिकृती संघराज्याच्या कायद्यात सामान्य शस्त्राच्या व्याख्येतून वगळल्या आहेत, पण राज्याराज्यांचे नियम वेगळे असतात, तेव्हा आपल्या राज्याचा कायदा स्वतः वाचून मगच पैसे मोजावेत. कोकणात शेतीच्या राखणीसाठी परवान्यावर ठासणीची बंदूक बाळगणारी घरे अजून आहेत. तिथल्या एखाद्या जाणत्या शेतकऱ्याला आमच्या हत्याराची रचना मुळीच परकी वाटणार नाही.

खरे शिक्षण सुरू होते ते कवायतीच्या मैदानावर. कंपनी उंचीप्रमाणे उभी राहते, सर्वांत उंच माणूस उजव्या टोकाला आणि ठेंगणा डाव्या, त्यामुळे माझी जागा कुठे असणार हे पहिल्या मिनिटातच ठरले. मग दोन रांगा होतात आणि शेजाऱ्याच्या कोपराला कोपर लागलेले राहील अशा बेताने चालायचे असते. त्या काळच्या कवायतीच्या पुस्तकांत पावलाची लांबी अठ्ठावीस इंच आणि जलद चालीचा वेग मिनिटाला एकशे दहा पावले असा बांधून दिलेला आहे. बंदूक भरण्याची क्रिया नऊ हुकुमांत तोडलेली आहे. बंदूक पायाशी घेणे, पेटीतून काडतूस काढणे, दाताने त्याचा कागद फाडणे, दारू नळीत ओतणे, ठासण्याचा गज बाहेर काढणे, ठासणे, गज परत ठेवणे, टोपी बसवणे आणि बंदूक खांद्याला लावणे. सराव झालेला सैनिक मिनिटाला तीन बार काढत असे. समोरचे दात धड नसलेल्या माणसाला पायदळात का घेत नसत, हे तिसऱ्या हुकुमापाशी कळते.

अमेरिकी छंदिष्टांचा खेळ म्हणून मी सुरुवातीला या कवायतीकडे किंचित वरून पाहत होतो, परंतु तिच्यातील तर्क अंगाने शिकल्यावर माझे मत बदलले. मागच्या रांगेतील माणूस बार काढतो तेव्हा त्याची नळी पुढच्याच्या उजव्या खांद्यावरून बरीच पुढे निघालेली असावी लागते. ती वीतभर मागे राहिली तर पुढच्याचा कान जातो. म्हणजे कोपराला कोपर लावून उभे राहण्याची ती सक्ती शोभेसाठी नव्हती. धुरात दहा हातांवरचे दिसेनासे होते, हुकूम ऐकू येत नाहीत आणि मग आपण अजून रांगेत आहोत हे कळण्याचा एकमेव मार्ग म्हणजे शेजाऱ्याचे कोपर. पलटणीचा झेंडा तिच्या मधोमध का असे आणि तो पडू नये म्हणून माणसे का मरत, याचे उत्तरही तिथेच आहे. मान-सन्मानाचा भाग होताच, पण त्या धुरात पलटण नेमकी कुठे आहे हे दाखवणारी ती एकच खूण होती.

आम्ही गोळी कधीच भरत नाही. कागदात गुंडाळलेली सुमारे चार ग्रॅम काळी दारू, एवढेच आमचे काडतूस. कागद फाडून फेकायचा असतो, आणि गज मैदानात काढायचाच नसतो, कारण घाईत तो नळीत राहिला तर त्याचाच भाला होऊन सुटेल. प्रत्येक प्रयोगापूर्वी तपासणी होते. टोपीवर आपटणारा घोडा अर्ध्यावर ठेवून बंदूक उचलून पाहतात, तो घसरला तर ती बंदूक त्या दिवशी बाद. नळीत गज सोडून त्याचा आवाज ऐकतात. तळाशी लोखंडावर लोखंड आपटल्याचा स्वच्छ खणखणाट झाला तर नळी मोकळी, बद्द आवाज आला तर आत काहीतरी साचले आहे. नंतर नुसती टोपी उडवून नळीचे तोंड गवताच्या पात्याजवळ धरायचे, पाते हलले की ठिणगीची वाट खुली आहे हे सिद्ध होते.

दारूची चव जिभेवर खारट लागते आणि मागे गंधकाचा कडवटपणा ठेवून जाते. पाच-सहा काडतुसे फाडली की ओठांच्या कडा काळ्या होतात आणि अशी तहान लागते, की चंबूतले कोमट, पत्र्याच्या वासाचे पाणीसुद्धा अमृत वाटावे. संध्याकाळी त्याच दारूची उलटी बाजू दिसते. नळीत कढत पाणी ओतले, की सडक्या अंड्याच्या वासाचे शाईसारखे पाणी बाहेर येते. ते निवळशंख येईपर्यंत ओतत राहायचे, मग चिंधीने कोरडे करून तेलाचा हात फिरवायचा, कारण काळ्या दारूची राख रात्रभर राहिली तर सकाळी नळीत गंज धरलेला असतो. दिवसभर लढून, चालून, माणसे गमावून आलेला सैनिक रात्री हे काम करत असेल, ही गोष्ट कुठल्याच पुतळ्यावरून लक्षात येत नाही.

छावणीतील जेवणाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. पीठ आणि पाण्याचे भाजून दगड केलेले चौकोनी हार्डटॅक कॉफीत भिजवल्याशिवाय दाताखाली येत नाही, आणि कॉफीचे दाणे बंदुकीच्या दस्त्याने कुटावे लागतात. डुकराच्या चरबीत परतलेले हार्डटॅक मी खात नाही, माझ्यापुरते ते तुपात परततो, आणि अचूकतेच्या पहारेकऱ्यांनीही आता त्या डब्यात चमचा घालायला सुरुवात केली आहे. दोन अर्धे कापड जोडून केलेल्या बुटक्या तंबूत दोघे झोपतात आणि पाऊस आला तर दोघेही भिजतात.

फोर्ट स्नेलिंगविषयी मात्र थांबून लिहिले पाहिजे. गुलामगिरीविरुद्धच्या युद्धाला निघालेल्या पलटणीचे हे जन्मस्थान, असे त्याचे वर्णन करण्याचा मोह होतो, पण याच किल्ल्यात १८३० च्या दशकात ड्रेड स्कॉट हा गुलाम आपल्या मालकाबरोबर, एका लष्करी डॉक्टरबरोबर, राहत होता. गुलामगिरीला कायद्याने बंदी असलेल्या प्रदेशात आपण राहिलो म्हणून आपण मुक्त आहोत, असा दावा त्याने पुढे लावला, आणि १८५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळताना जे म्हटले त्याने युद्ध आणखी जवळ आले. पहिली मिनेसोटा पूर्वेकडे लढत असताना १८६२ मध्ये इकडे मूळ रहिवासी डकोटा लोकांशी युद्ध झाले. डिसेंबरात मँकेटो येथे अडतीस डकोटा पुरुषांना एकाच वेळी फाशी दिली गेली आणि सुमारे सोळाशे बायका, मुले व वृद्धांना त्या हिवाळ्यात याच किल्ल्याखालच्या सपाटीवर कोंडून ठेवले गेले. ज्या संगमावर हा किल्ला आहे ती जागा डकोटांसाठी पवित्र आहे. गटात या विषयावर एकमत नाही. निळा कोट घालून त्या जागी उभे राहताना आपण फक्त १८६१ चा एप्रिल दाखवतो असे म्हणून चालणार नाही, असे माझे मत आहे, आणि पाहुण्यांनी विचारले नाही तरी मी स्कॉटचे आणि डकोटांना कोंडलेल्या त्या छावणीचे नाव घेतो. काहींना ते आवडत नाही. त्यांचे म्हणणे असे, की लोक बंदुकीचा आवाज ऐकायला आलेले असतात.

आवाज ऐकायला लोक येतात हे खरेच आहे. खासगी शेतांवर भरणाऱ्या मेळ्यांत उत्तरेचे निळे आणि दक्षिणेचे करडे समोरासमोर उभे राहतात, अंतर कमी झाले की नळ्या आकाशाकडे उचलल्या जातात, आणि कुणी केव्हा पडायचे हे आधी ठरलेले असते. ज्याची काडतुसे संपली किंवा ज्याला ऊन सोसेना, तो सोयीची सावली पाहून धारातीर्थी पडतो. जुलैच्या उन्हात लोकरी कपड्यांत याला हसणे अन्यायाचे होईल, पण शेवटचा बिगुल वाजला की मेलेले उठून टोप्या झटकतात आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात, हे दृश्य मला पहिल्यापासून खटकले. राष्ट्रीय उद्यान खात्याने आपल्या ताब्यातील रणभूमींवर अशा लुटुपुटीच्या लढायांना मनाई केली आहे. खरी माणसे जिथे मेली तिथे मरण्याचे सोंग नको, ही त्यामागची भूमिका मला पूर्ण पटते.

म्हणूनच आम्ही गेटिसबर्गच्या मूळ मैदानावर गेलो तेव्हा लढाई नव्हती, बंदुका गाड्यांतच ठेवलेल्या होत्या. २ जुलै १८६३ च्या संध्याकाळी इथे जे घडले त्यावरच या पलटणीची कीर्ती उभी आहे. उत्तरेच्या जनरल सिकल्सने आपली कोअर, म्हणजे अनेक पलटणींचे मोठे दल, हुकुमाविना पुढे नेली आणि ती मोडून पडली. उत्तरेच्या फळीत खिंडार पडले आणि दक्षिणेच्या विल्कॉक्सची अलाबामाची ब्रिगेड, हजाराहून अधिक माणसे, त्या दिशेने येऊ लागली. कुमक वाटेत होती, पण पोहोचायला काही मिनिटे हवी होती. उत्तरेच्या जनरल हॅनकॉकला समोर एकच छोटी पलटण दिसली. बुल रन आणि अँटिएटमच्या लढायांनंतर हजारातून उरलेली ती पहिली मिनेसोटा होती. त्याने कर्नल विल्यम कॉलव्हिलला समोरचे झेंडे दाखवून ते घेण्याचा हुकूम दिला. सगळे मरणार हे ठाऊक असते तरी मी तो हुकूम दिला असता, असे तो पुढे म्हणाला. परंपरेने सांगितले जाणारे आकडे असे, की २६२ जण संगिनी लावून उतारावरून धावले आणि २१५ जण मृत किंवा जखमी झाले. या आकड्यांवर अभ्यासकांत वाद आहे, पण खिंडार बुजले याबद्दल वाद नाही. कॉलव्हिल जखमी होऊन पडला. दुसऱ्या दिवशी, दक्षिणेच्या जनरल पिकेटच्या चढाईच्या वेळी, पलटणीचे उरलेसुरले सैनिक पुन्हा फळीत होते. त्यांच्यातील मार्शल शर्मन याने अठ्ठाविसाव्या व्हर्जिनिया पलटणीचा झेंडा हस्तगत केला. तो झेंडा आजही मिनेसोटाकडे आहे, आणि व्हर्जिनियाने मागूनही मिनेसोटाने तो परत दिलेला नाही.

टेकाडावर पलटणीचे स्मारक आहे, त्यावर संगीन रोखून धावणारा कांस्याचा सैनिक. तिथून प्लम रन नावाच्या ओढ्यापर्यंतचे अंतर तीनशे यार्डांच्या आसपास भरते. सार्जंटने आम्हाला दोन रांगांत उभे केले आणि कवायतीच्या पुस्तकातील धावत्या चालीने, म्हणजे तेहतीस इंचांचे पाऊल आणि मिनिटाला एकशे पासष्ट पावले, खाली नेले. घोषणा नाहीत, बिगुल नाही. पन्नाशीतल्या माणसांची धाप तेवढी ऐकू येत होती. हिशेबाने आणि घड्याळानेही हे अंतर जेमतेम दोन मिनिटांचे निघते. उतार नकाशावर वाटतो त्यापेक्षा सौम्य आहे आणि वाटेत आडोसा म्हणून काही नाही. धावताना कोपराला कोपर ठेवणे जमत नाही, रांगेत फटी पडतात, आणि त्या बुजवण्यासाठी माणसाला मधल्या झेंड्याकडे सरकावे लागते, म्हणजे नेम धरणाऱ्याला सर्वांत सोयीच्या जागी. हे मी पुस्तकात वाचले असते तर पुढच्या पानावर गेलो असतो.

या पलटणीतून वाचलेल्यांपैकी स्टिलवॉटर गावच्या बी कंपनीच्या लोकांनी १८८५ मध्ये एक मंडळ स्थापन केले. दरवर्षी २१ जुलैला, बुल रनच्या दिवशी, एकत्र जेवायचे आणि वाइनची एक बाटली शेवटच्या माणसासाठी राखून ठेवायची, असा त्यांचा संकेत होता. १९३० मध्ये चार्ल्स लॉकवुड एकटाच त्या मेजाशी बसला. गेटिसबर्गहून परतताना गाडीत ही गोष्ट निघाली, आणि लुटुपुटीच्या लढाईत पडून उठण्यापेक्षा हे सांगणे जास्त महत्त्वाचे आहे, असा सूर आमच्यापैकी निदान चौघांनी लावला. बाकीच्यांना लढाया सोडायच्या नाहीत. लढाई नसेल तर तरुण मुले गटाकडे फिरकणार नाहीत, ही त्यांची भीती निराधारही नाही, कारण १९९८ च्या गेटिसबर्ग मेळ्याला जमली तशी गर्दी आता कुठेच जमत नाही.

मी तेव्हापासून समोरासमोरच्या लढायांत उतरत नाही. शाळांच्या मुलांपुढे नऊ हुकुमांत बंदूक भरून दाखवणे, पेटीतले साहित्य त्यांच्या हातात देणे आणि नव्या माणसांना नळी धुवायला शिकवणे ही कामे मी मागून घेतली आहेत. पुढच्या हंगामासाठी किल्ल्यावरच्या कार्यक्रमात ड्रेड स्कॉटवर स्वतंत्र अर्धा तास मिळावा असा अर्ज मी समितीकडे दिला आहे. त्यावर या हिवाळ्याच्या बैठकीत मतदान होईल, आणि विरोधात कोण बोलणार तेही मला आत्ताच ठाऊक आहे.